मोकळ्या कुरणातलं सफारी पार्क: दुर्मिळ खूरधारी कळप कसे बसवावेत आणि कसे सांभाळावेत

सफारीची गाडी ज्या माळावरून फिरते तिथे पार्कचं निम्मं कामही होत नाही. ते होतं कुरणाच्या कडेला, पाहुण्यांच्या नजरेआड असलेल्या वाडग्यांत (बंदिस्त आवारांत), जनावरं हाकायच्या गल्ल्यांत आणि खोड्यात, म्हणजे जनावर अडकवून हाताळायच्या चौकटीत. कुरण चारशे हेक्टरांचं असलं तरी लंगडणारी एक मादी तासाभरात कळपातून वेगळी काढता येत नसेल, तर ती जागा म्हणजे जनावरं मरताना दुर्बिणीतून पाहण्याची सोय. म्हणून आधी गवताचा हिशेब करावा, मग प्राण्यांची निवड, मग कुंपण आणि वाडगी. प्राणी सगळ्यांत शेवटी आणावेत. बहुतेक ठिकाणी उलट क्रम लागतो आणि पुढची दहा वर्षं ती चूक निस्तरण्यात जातात.

इथला भर ओरिक्स आणि ॲडॅक्स (वाळवंटी भागातली लांब शिंगांची हरणवर्गीय जनावरं), हरणं, रानघोडे, झेब्रे, जिराफ आणि पांढरा गेंडा यांच्यावर आहे. मोठ्या मांजरांची (सिंह, चित्ते) व्यवस्था मुळातच वेगळी असते, तिच्याविषयी शेवटाकडे थोडक्यात.

गवत मोजा, मग डोकी ठरवा

पन्नास सेंटिमीटर बाय पन्नास सेंटिमीटरची लोखंडी चौकट करून घ्या. गवताची वाढ पूर्ण झाल्यावर प्रत्येक प्रकारच्या कुरणात किमान २० ठिकाणी ती न बघता टाका. चौकटीतलं गवत जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. सरासरी ग्रॅमला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. ५० ग्रॅम आलं तर हेक्टरी २,००० किलो सुकं गवत.

यातलं सगळं पोटात जात नाही. निम्मं मुळांसाठी आणि मातीसाठी जागेवर सोडायचं, उरलेल्यातलं साधारण निम्मं पायाखाली तुडवलं जातं किंवा शेणामुतात वाया जातं. म्हणजे हाती एक चतुर्थांश. १०० हेक्टरांवर २,००,००० किलोपैकी ५०,००० किलो. सुमारे १४० किलोचा वक्रशृंगी ओरिक्स वजनाच्या अडीच टक्के धरला तर रोज साडेतीन किलो खातो, वर्षाला साधारण १,२८०. म्हणजे या कुरणावर एकोणचाळीस ओरिक्स. दोन टनांचा पांढरा गेंडा दीड टक्क्याने रोज ३० किलो खातो, वर्षाला जवळपास ११,०००. त्याच कुरणावर चार गेंडे, पाचवा बसत नाही. एक गेंडा साडेआठ ओरिक्सांचं गवत खातो हे नकाशावर प्राण्यांची चित्रं चिकटवताना कोणाच्या लक्षात येत नाही.

हा आकडा चांगल्या वर्षाचा धरू नका. हाती असलेल्या वर्षांपैकी सर्वांत वाईट वर्ष धरा आणि जन्मणाऱ्या पिल्लांसाठी त्यातून आणखी जागा राखून ठेवा. कुरणाचे किमान चार तुकडे करा, म्हणजे एकाला कायम विश्रांती मिळते. पाणवठा, फाटक आणि गव्हाण एकाच ठिकाणी आणली की तिथली जमीन एका हंगामात उघडी पडते, पावसात चिखल होतो, खूर कुजतात आणि जंत वाढतात. पाणी एका टोकाला, चारा दुसऱ्या टोकाला ठेवा आणि चाऱ्याची जागा आठवड्याने सरकवत राहा.

मातीची तपासणी तांबं आणि सेलेनियम यांच्यासह करून घ्या. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ‘द वाइल्ड्स’ सुमारे ४,००० हेक्टर जागेवर आहे आणि त्यातली बरीच जमीन कोळशाच्या उघड्या खाणींनी खणलेली, नंतर भरून काढलेली आहे. अशा भरावाच्या जमिनीत माती दाबलेली असते आणि पाणी मुरत नाही. वरून हिरवं दिसणारं गवत खनिजांत कमी पडू शकतं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं की नवजात पिल्लांचे स्नायू पांढरे पडून ती उभीच राहत नाहीत, आणि दोष मात्र आईच्या दुधाला दिला जातो.

कोणाशेजारी कोण नको

मिश्र कळप दिसायला सुंदर असतो. निवड मात्र रोग, संकर आणि स्वभाव या तीन चाळण्यांतून करावी.

रोगांत पहिलं नाव घातक सर्दीज्वराचं (मॅलिग्नंट कॅटॅरल फीव्हर). वाइल्डबीस्ट ही आफ्रिकेतली हरणवर्गीय जनावरं या रोगाचा विषाणू आयुष्यभर अंगात बाळगतात आणि स्वतः आजारी पडत नाहीत. त्यांची पहिल्या तीन-चार महिन्यांची वासरं नाकाच्या स्रावातून तो भरपूर सोडतात. मेंढ्यांमध्ये त्याचाच भाऊबंद असतो. गवा, बांटेंग (आग्नेय आशियातली रानगुरं), बहुतेक हरणं आणि विशेषतः मूळचं चीनमधलं पेर डेव्हिड हरीण यांना तो लागला की वाचण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे वाइल्डबीस्ट किंवा मेंढ्या या जातींच्या शेजारीही नकोत. मधे एक कुंपण घालून भागत नाही, आणि एकाच कर्मचाऱ्याने तेच बूट घालून दोन्हीकडे जाणंही टाळावं.

संकराचं गणित सरळ आहे. ओरिक्सच्या दोन जाती, झेब्र्याच्या दोन जाती, रानघोडा आणि झेब्रा एकत्र सोडले तर संकर होतो. ते पिल्लू संवर्धनाच्या कामाचं नसतं आणि त्यात मादीचं एक वर्ष जातं.

स्वभावाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. झेब्र्याचा नर दुसऱ्या जातीच्या नवजात पाडसांना चावून, तुडवून मारतो. विणीच्या काळात हरणवर्गीय माद्यांच्या कुरणात तो नको. सोडताना आधी लहान आणि बुजरी जात, तिला जागा ओळखीची झाल्यावर मोठी आणि धीट जात, असा क्रम ठेवा.

कुंपण

खूरधारी कळपाला २.४ मीटर उंचीची, पक्क्या गाठीची तारजाळी लागते. खांब चार-पाच मीटरांवर. तळाशी फट राहिली तर पाडसं निघून जातात आणि कुत्री आत येतात, म्हणून ओढे-नाल्यांवर झुलती फाटकं बसवा. जाळीचा डोळा एकतर तोंडही शिरणार नाही इतका बारीक असावा, किंवा शिंगांसकट डोकं परत निघेल इतका मोठा. मधल्या मापाच्या जाळीत शिंग अडकतं आणि जनावर मान मोडून घेतं.

घाबरलेला कळप कुंपणालगत पळतो आणि कोपऱ्यात एकमेकांवर आदळतो. म्हणून काटकोनाहून लहान कोपरा कुठेही नको. असलाच तर त्यावर तिरपी जाळी मारून तो बोथट करा. फाटक मात्र कोपऱ्याजवळच ठेवा, कारण हाकताना जनावर आपोआप तिथेच येतं. सरळ भिंतीच्या मध्यावरच्या फाटकातून कळप काढणं म्हणजे अख्ख्या टोळीचा दिवस जाणं.

नवीन जाळी प्राण्यांना दिसत नाही. पहिला महिनाभर तिच्यावर शेतीची हिरवी सावलीजाळी किंवा गोणपाट बांधून ठेवा, मग पट्ट्यापट्ट्यांनी उतरवा. नव्या जागेत पहिल्या दोन दिवसांत होणाऱ्या मानमोडीच्या घटनांपैकी बऱ्याच एवढ्याने टळतात.

गेंड्यासाठी उंची फार लागत नाही, ताकद लागते. दीड मीटर उंचीचे पोलादी पाइप किंवा जाड दोरखंडी तारा पुरतात. गेंड्याच्या वाडग्यात मात्र उभ्या खांबांमध्ये ३५ ते ४० सेंटिमीटरची फट ठिकठिकाणी सोडावी. माणूस तिरपा होऊन बाहेर पडतो, गेंडा अडतो.

बाहेरची हद्द दुहेरी असावी. आतलं कुंपण आपल्या जनावरांसाठी आणि बाहेरचं शेजारच्या गुरांसाठी व कुत्र्यांसाठी. लाळ्या-खुरकूत, क्षय आणि घातक सर्दीज्वर यांची ये-जा नाकाला नाक लागून होते.

वाडगी, गल्ली आणि खोडा

प्रत्येक कुरणाला निदान दोन वाडगी जोडलेली हवीत, म्हणजे एकात कळप आणि दुसऱ्यात वेगळं काढलेलं जनावर. भिंती २.४ मीटर उंच आणि पूर्ण बंद, कारण पलीकडचं दिसलं की जनावर तिथे उडी मारतं. आकार गोलसर. वाडग्यातून वळण घेत जाणारी गल्ली असावी, तिची एक भिंत सरकती, म्हणजे जातीप्रमाणे रुंदी अशी ठरवता येते की जनावर चालेल पण वळणार नाही. सरकती दारं वरून दोरीने चालवा. जमिनीवर जाड वाळू किंवा रबर, गुळगुळीत सिमेंट कधीही नाही.

गल्लीच्या शेवटी खोडा. दुर्मिळ हरणवर्गासाठी सर्वांत कामाचा तो खालचा तळ सोडता येणारा: दोन तिरप्या, गादी लावलेल्या भिंती आणि मधला तळ झटक्यात खाली जातो. जनावर अंगावर टेकून अधांतरी राहतं, पायांना आधार मिळत नसल्याने धडपड थांबते. डोळ्यांवर पट्टी बांधायची, कोणी बोलायचं नाही, आणि रक्त, टॅग, खूर, लस ही कामं दहा मिनिटांच्या आत संपवायची. शस्त्रांची मांडणी जनावर आत यायच्या आधी झालेली असावी.

पण खोडा चालतो तो सवयीवर. खुराकाची मूठ रोज वाडग्यातच मिळाली पाहिजे, फाटकं उघडी ठेवून. काही आठवड्यांनी फाटक बंद करा आणि पाच मिनिटांत काहीही न करता उघडा. पुढे गल्लीतून नुसतं चालवून बाहेर सोडा. दहा वेळा आत येऊन नऊ वेळा काहीच झालं नाही, तर दहाव्या वेळची सुई जनावर विसरतं. फक्त सुईसाठीच वाडगं उघडलं तर दुसऱ्या वेळी कळप आत येत नाही.

नवा गट सोडताना

१. विलगीकरण किमान ३० दिवस. या काळात आठवड्याच्या अंतराने तीनदा शेण तपासणी, क्षयाची चाचणी, जंतनाशकानंतर पुन्हा शेण.

२. कुरणालगतच्या वाडग्यात दोन ते चार आठवडे. जुना कळप जाळीपलीकडून दिसला आणि हुंगता आला पाहिजे.

३. माद्या आधी, गटाने. एकटी मादी कधीही सोडू नका. नर शेवटी.

४. शिंगाळ नरांच्या शिंगांच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे बसवा. महिनाभरात ते आपसूक झिजतात, पण पहिल्या झुंजी पोट फाडत नाहीत.

५. सोडण्याची वेळ सकाळची आणि हवा थंड असलेली. कोपऱ्यांजवळ गाड्या उभ्या ठेवा, इंजिन बंद. वाडग्याचं फाटक आठवडाभर उघडंच राहू द्या, आत पाणी आणि वैरण ठेवून.

रोजची फेरी आणि चारा

पहिलं काम मोजणी. आकडा जुळेपर्यंत दुसरं काही नाही. खूरधारी जनावर दुखणं लपवतं, कारण कळपात दुबळा दिसणारा आधी टिपला जातो. म्हणून खुणा बारीक पाहाव्यात: कळप चालू लागल्यावर शेवटी उठणारं, एकटं बसणारं, रवंथ न करणारं, कान एका बाजूला पाडलेलं. प्रत्येकाला १ ते ५ असा अंगाचा गुण (हडकुळं ते भरलेलं) महिन्यातून एकदा द्यावा आणि तो एकाच माणसाने द्यावा. दोघांचे गुण जुळत नाहीत.

वैरणीचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा एकाने तरी जास्त हवेत आणि त्यांच्यात दहा मीटर अंतर. एकाच गव्हाणीवर मोठा नर उभा राहिला की तळाच्या माद्या महिनोन्‌महिने उपाशी राहतात, आणि रजिस्टरमध्ये मात्र चारा पुरेसा लिहिलेला असतो. जिराफ पालाखाऊ आहे. धान्याचा खुराक त्याला पचत नाही, म्हणून लसूणघास, फांद्या आणि कमी पिष्टाची गोळी. फॉस्फरस जास्त झाला तर नर जिराफाला मूतखडा होतो. पाहुण्यांचे पाव, बिस्किटं, फळं बंदच. एकदम आलेल्या पिष्टाने रवंथ करणाऱ्याचं पोट आंबतं आणि जनावर दोन दिवसांत जातं. याबाबत पाहुण्यांशी गोड बोलून भागत नाही, दंडच लावावा लागतो.

जंत: मोकळ्या कुरणाचा खरा शत्रू

हिमॉन्कस नावाचा रक्त पिणारा जंत ओरिक्स, ॲडॅक्स आणि जिराफ यांना सर्वांत जास्त मारतो. उबदार, ओल्या हवेत शेणातल्या अंड्यातून आठवडाभरात संसर्गक्षम अळी तयार होते आणि दवाच्या थेंबाबरोबर गवताच्या पातीवर चढते. ती बहुतेक खालच्या पाच सेंटिमीटरांत असते. म्हणजे कुरण बुडापर्यंत खाल्लं गेलं की प्रत्येक घासात अळ्या. अंगाचा गुण चांगला असतानाही पापणीची आतली बाजू पांढरी आणि जबड्याखाली सूज दिसली तर रक्त आधीच संपत आलेलं असतं.

सगळ्या कळपाला ठराविक तारखेला औषध देणं ही सवय मोडली पाहिजे. औषधातून वाचलेले जंतच मागे राहतात, त्यांचीच पिलावळ कुरणावर पसरते आणि काही हंगामांत ते औषध निकामी होतं. त्याऐवजी जनावरागणिक शेणात दर ग्रॅमला किती अंडी आहेत ते मोजावं आणि ज्यांची संख्या चढलेली आहे त्यांनाच औषध द्यावं. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजायचं. अंडी ९५ टक्क्यांनी उतरली नसतील तर ते औषध तिथे चालत नाही, हे मान्य करून बदलायचं. खुराकात मिसळून दिलेलं औषध दांडग्याला जास्त आणि आजाऱ्याला कमी पोचतं, आणि कमी मात्राच प्रतिकार वाढवते. खोड्याचा खर्च इथे वसूल होतो.

कुरणाच्या बाजूने उपाय म्हणजे झेब्रे, रानघोडे किंवा पांढरे गेंडे मागून चारणं. रवंथ करणाऱ्यांचे हे जंत त्यांच्या पोटात टिकत नाहीत, त्यामुळे गवताबरोबर अळ्या वेचल्या जातात. वाडग्यातलं शेण रोज उचला. ओलं शेण कुरणावर पसरू नका.

नर, वंशावळ आणि विणीचा हंगाम

एका कळपात एकच जननक्षम नर ठेवला तर पिल्लाचा बाप माहीत राहतो. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलावा, म्हणजे मुली वयात यायच्या आत बाप निघून जातो. कोणता नर आणायचा हे देखणेपणावर ठरवू नये. ते आंतरराष्ट्रीय वंशनोंदवहीवर, म्हणजे जातीच्या सगळ्या बंदिस्त जनावरांच्या आईबापांच्या नोंदीवर, ठरतं: उरलेल्या लोकसंख्येशी ज्याचं नातं सर्वांत कमी, त्याला आधी संधी. आजचे सगळे प्रझेवाल्स्की रानघोडे (मंगोलियाकडची रानटी जात) डझनभर पूर्वजांपासून आले आहेत. तिथे एका नराचा जास्त वापर म्हणजे इतरांचं रक्त कायमचं पुसणं. उरलेल्या नरांसाठी माद्यांपासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला वेगळा नरकळप हवा. त्याची जागा सुरुवातीच्या आराखड्यातच दाखवा, कारण निम्मी पिल्लं नर असतात.

काही जातींत उलट, गट लहान असणं हीच अडचण. अमेरिकेतल्या सॅन डिएगोला १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वीस पांढरे गेंडे आणले गेले आणि तिथलं सफारी पार्क १९७२ मध्ये खुलं झालं. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात एका मादीबरोबर राहून ज्याच्यापासून पिल्लू झालं नव्हतं, तोच नर या मोठ्या गटात आल्यावर अनेक पिल्लांचा बाप झाला. गेंड्यांच्या माद्यांच्या बाबतीत चाराही पाहावा. सोया आणि लसूणघासातली स्त्रीसंप्रेरकांसारखी द्रव्यं पार्कात जन्मलेल्या माद्यांच्या वांझपणाशी जोडली गेली आहेत, त्यामुळे त्यांना साधं गवतच बरं.

ओरिक्स साडेआठ महिन्यांच्या आसपास वितो. मादी कळप सोडून जाते आणि वासरू दोन-तीन आठवडे गवतात दडून राहतं. या काळात उंच गवताचा पट्टा न कापता राखावा, आणि पहाऱ्याच्या गाड्यांनी तिकडे फिरकू नये. वासराची हाताळणी जन्मानंतर १२ ते ४८ तासांत: त्याआधी चीक पिणं आणि आईशी ओळख पूर्ण होत नाही, नंतर ते हाती लागत नाही. दोन गाड्या न्या, एक आईला अडवायला. हातमोजे घाला, वजन, लिंग, कानाचा टॅग, नाळेला आयोडीन, थोडं रक्त. पाच मिनिटांत जिथून उचललं तिथेच ठेवा. चीक पोटात गेलाय का हे रक्तातल्या प्रतिपिंडांवरून त्याच दिवशी कळतं.

बेशुद्ध करावंच लागलं तर

औषध आणि मात्रा हा पूर्णपणे वन्यजीव पशुवैद्याचा विषय. एटॉर्फिनसारखं औषध त्वचेवर सांडलं तरी माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून उतारा हाताशी आणि दुसरा प्रशिक्षित माणूस शेजारी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. इतरांनी सांभाळायचं ते असं: काम पहाटे, पाठलाग दोन-तीन मिनिटांहून जास्त नाही. न जमल्यास त्या दिवशी सोडून द्या. पडल्यावर रवंथ करणारं जनावर छातीवर बसतं करा, मान वर आणि नाक खाली, म्हणजे पोटातलं श्वासनलिकेत जात नाही. डोळे झाका, कानात कापूस. तापमान दर पाच मिनिटांनी, आणि ४१ अंश ओलांडताच पाणी ओतत उतारा द्या. जास्त पळालेल्या जनावराचे स्नायू फुटू लागतात, लघवी तपकिरी होते आणि मृत्यू त्याच दिवशी किंवा दोन आठवड्यांनीही येतो. तेव्हा ‘कालपर्यंत बरं होतं’ असं म्हटलं जातं.

मोठी मांजरं

दोन फाटकांची खोली, एक पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडणार नाही अशी जोडणी, आणि रोज सकाळी मोजणी झाल्यावरच माणूस आत. चित्त्याच्या कुंपणाला २.४ मीटरवर आतल्या बाजूला झुकती जाळी हवी. नर-मादी एरवी वेगळे ठेवावेत, कायम शेजारी राहिले तर मादी रस घेत नाही. रिकाम्या आवारांतून आलटून पालटून फिरवून वासाने माज ओळखता येतो. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग सिंहांना मारतो (टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये सुमारे एक तृतीयांश सिंह गेले), म्हणून भोवतालच्या कुत्र्यांचं लसीकरण पार्कच्या खर्चाने करा. कुत्र्यांची जिवंत लस मात्र रानमांजरांना टोचू नये.

पाठवणी

वक्रशृंगी ओरिक्स २००० मध्ये निसर्गातून नामशेष ठरवला गेला होता. बंदिस्त कळपांतून जमवलेले प्राणी मार्च २०१६ मध्ये चाडमधल्या वाडग्यांत नेले, पाऊस सुरू झाल्यावर ऑगस्टमध्ये मोकळे सोडले, आणि २०२३ मध्ये जातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’ असा सुधारला. पाठवणीसाठी माणसाच्या हातून खायला शिकलेली जनावरं निवडू नका, बाटलीवर वाढवलेली तर नाहीच.

पेटारा जनावराला वळता येणार नाही इतका अरुंद, पण बसता-उठता येईल इतका मोकळा. आतून गुळगुळीत, वरून अंधारा, हवेची भोकं तळाजवळही. दोन्ही बाजूंना सरकतं दार लावून तो गल्लीच्या तोंडाशी चार आठवडे आधी बांधून ठेवा आणि रोजचा खुराक त्यातच द्या. शिंगांवर नळी. प्रवासाच्या दिवशी पहाटे भरायचं, एका पेटाऱ्यात एकच. पेटाऱ्यावर लटकवायच्या कागदात टॅग क्रमांक, शेवटच्या शेण तपासणीची तारीख, चालू खुराक आणि पाणी पाजण्याच्या वेळा लिहा. पहिल्या आठवड्याचा नेहमीचा खुराक पोत्यात भरून त्याच गाडीत द्या, कारण जागा आणि चारा एकाच दिवशी बदलला की पोट बिघडतं.